चाळिसावा नमुना

चाळिसावा नमुना माझ्या वडिलांच्या घरचा होता आणि तो मी स्वतः कापून आणला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याने दुसऱ्या कोणाला दोष द्यायला नको.

नमुना म्हणजे ऑर्किडच्या पानाचा नखाएवढा तुकडा. ऑर्किडही साधं नव्हे, स्लिपर ऑर्किड. त्याच्या फुलाची खालची पाकळी सपातेच्या पुढच्या भागासारखी फुगीर आणि पोकळ असते, म्हणून हे नाव. वरची पाकळी उभी, हिरवट, पांढऱ्या काठाची, आणि तिच्यावर तपकिरी ठिपके. आमच्या कामातली जात मेघालयातल्या चुनखडीच्या डोंगरांवर वाढते. जात एकच, पण ठिपके प्रत्येक झाडाचे वेगळे: कुठे दाट, कुठे विरळ, कुठे मोहरीएवढे, कुठे मसुरीएवढे. शिवाय प्रत्येक उताराची आपली म्हणून एक ठेवण असते, जशी काही घराण्यांत नाकं एकसारखी असतात. जाणकार माणूस फूल बघून उतार सांगतो. हौशी लोक या फरकांसाठीच वेडे होतात आणि त्या वेडापायी निम्मे डोंगर मोकळे झाले.

डोंगरावरून झाड उपटून आणून विकणं कायद्याने बंद आहे. बियांपासून वाढवलेलं विकायला हरकत नाही. इतकी वर्षं अडचण एकच होती. कुंडीत टवटवीत उभ्या असलेल्या झाडाकडे बघून ते कुठे जन्मलं हे ओळखायचं कसं? मालक म्हणेल ते खरं मानायचं, दुसरा इलाज नव्हता.

ते ओळखणारी पेटी आम्ही २०४१ साली पुण्याच्या प्रयोगशाळेत तयार केली. तिच्यामागचं शास्त्र अवघड नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. नारळात कोंबासाठी खोबरं असतं तशी काही शिदोरी त्याच्याजवळ नसते. डोंगरावर ते रुजतं ते एका बुरशीच्या जिवावर. बुरशी त्याच्या आत शिरते आणि पहिली दोन-तीन वर्षं त्याला भरवते. प्रयोगशाळेत हेच बी बाटलीमध्ये, साखर आणि बटाट्याच्या लगद्यावर रुजवतात, आणि तिथे बुरशीला सक्त मज्जाव. आमच्या असं लक्षात आलं की बुरशीने भरवलेल्या रोपाच्या डीएनएवर नऊ ठरावीक जागी रासायनिक टोप्या चढतात आणि त्या जन्मभर उतरत नाहीत. झाडाचे तुकडे करून दहा कुंड्यांत लावले तरी दहाही तुकड्यांत त्या टोप्या तशाच राहतात. पानाचा तुकडा पेटीत घातला की पेटी या टोप्या मोजून शंभरपैकी एक आकडा देते. डोंगरावरच्या झाडांचा आकडा सत्तरच्या आसपास येई, बाटलीतल्यांचा आठ. नर्सरीवाल्यांनी तिचं नाव दाईपेटी ठेवलं, कारण झाडाची दाई कोण होती ते ती सांगते. आमच्या कागदांवर तिचं नाव दीड ओळीचं होतं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बाटलीतली एकोणचाळीस झाडं आम्ही तपासली. पण ती सगळी दहा वर्षांच्या आतली होती. आमचं काम तपासणाऱ्या परीक्षकांनी विचारलं, बाटलीतलं झाड म्हातारं झालं तर त्याच्यावर आपोआप टोप्या चढत नाहीत कशावरून? प्रश्न रास्त होता. एखादं चाळीस वर्षांचं, नक्की बाटलीत जन्मलेलं झाड हवं होतं. त्या काळात आपल्याकडे ही जात बियांपासून वाढवणारं होतं कोण? ऑर्किड मंडळाच्या जुन्या रजिस्टरात एकच नाव निघालं. जयसिंग भिलारे, लष्करातले निवृत्त हवालदार, पाचगणीजवळ. म्हणजे आमचे तात्या.

तात्यांचं झाड 'हौसा' या नावाने सगळ्या ऑर्किडवाल्यांना ठाऊक होतं. हौसा हे माझ्या आईचं नाव. या झाडाच्या फुलावर ठिपक्यांचा गोंधळ नव्हता. वरच्या पाकळीच्या मध्यावर एकाखाली एक असे तीनच ठिपके. आईच्या हनुवटीवर गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते, अगदी तसेच. २००० साली आईच्या प्रेशर कुकरमध्ये बाटल्या उकडून, तिनेच कुस्करून दिलेल्या बटाट्या-केळ्यावर तात्यांनी बी पेरलं आणि पाच वर्षांनी त्यातून हौसा फुलली, अशी आमच्या घरातली गोष्ट होती. गोष्ट कसली, तो कुकर मी डोळ्यांनी पाहिलेला. शाळेत त्याच्यावर निबंध लिहून मी बक्षीसही मिळवलं होतं. शास्त्रज्ञ कशा झालात, असं कोणी विचारलं की मी कुकरपासून सुरुवात करायची.

पान आणायला गेले तेव्हा मार्च होता. तात्या शेडमध्ये कुंड्या बदलत होते. आई मोढ्यावर बसून जुन्या कुंड्यांतला कोळसा निवडत होती.

"तात्या, हौसाचं पान पाहिजे. एवढंसंच."

"कशाला?"

मी सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली.

"मग दुसऱ्या कुठल्या झाडाचं घे की. हितं काय कमी हायत?"

"एवढं जुनं दुसरं नाही कुठलं."

"औंदा आजारी हाय ती. नको लावू हात."

झाड तर तुकतुकीत दिसत होतं. मला हसू आलं. ऑर्किडवाल्यांची एक रीत आहे. आपल्या सगळ्यांत चांगल्या झाडाचा एकेक तुकडा चार मित्रांना देऊन ठेवायचा, म्हणजे आपलं मेलं तर त्यांच्याकडून परत आणता येतं. तात्यांनी हौसाचे अकरा तुकडे असे अकरा जणांना दिले होते. परक्यांना अख्खा तुकडा आणि लेकीला नखभर पान नाही, चिक्कू झालात म्हातारपणी, असं मी चिडवलं. तात्या हसले नाहीत. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "देऊन टाका. कामाचं हाय तिच्या."

तात्यांनी चाकू जाळावर धरून साफ केला आणि मूठ माझ्याकडे करून दिला. पान त्यांनी कापलं नाही, ते मला कापू दिलं.

पेटीने हौसाचा आकडा दिला: एकाहत्तर.

इक्बाल मुजावर हा माझा सहकारी. मूळचा मिरजेचा, सतार-तंबोरे बनवणाऱ्या घरातला. बोलणं कमी, पण बोलला की टाळता येत नाही असं.

"मॅडम, हे डोंगरावरचं झाड आहे," तो म्हणाला.

"पुन्हा कर."

"तीनदा केलं. एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर."

"म्हणजे परीक्षकांची शंका खरी निघाली. वयाबरोबर टोप्या चढतात."

"हे एका झाडावरून ठरवायचं?"

"दुसरं आहेच कुठे?"

"रजिस्टरच चुकीचं असेल तर? आमच्याकडे वाद्य लावताना एका तारेवर भरवसा ठेवत नाहीत."

"इक्बाल, तो कुकर मी पाहिलाय," मी म्हटलं.

मी गणित मांडलं. बाटलीतल्या कोवळ्या झाडाचा आकडा आठ, एक्केचाळीस वर्षांच्या हौसाचा एकाहत्तर. म्हणजे दर वर्षाला साधारण दीड. मी नियम लिहिला की पेटीने दिलेल्या आकड्यातून झाडाच्या वयाच्या दीडपट वजा करावेत आणि उरलेला आकडा तिसाच्या आत असेल तर झाड बाटलीतलं समजावं. त्याला आम्ही वयाची वजावट म्हणू लागलो. आता हौसाचा आकडा साडेनऊ येत होता आणि सगळं जुळत होतं. एका नमुन्यावरून नियम काढू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरसाल शिकवत आले. पण हा नमुना घरचा होता.

दाईपेटी देशभर गेली. नर्सऱ्यांत, बंदरांवर, विमानतळांवर बसली. पेटी प्रमाणपत्र देई आणि त्याच्यावर खाली माझी छापील सही असे, डॉ. स्वप्नाली भिलारे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आई गेली. तात्या एकटेच राहू लागले. रविवारी मी जायची. आम्ही दोघं मिळून मुळं छाटायचो आणि आईबद्दल फारसं बोलायचो नाही.

२०४३ च्या सतरा सप्टेंबरला मेघालयातून एक पत्र आलं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव इबान्सारा खोंग्सित. एका खासी गावाच्या वनसमितीच्या त्या प्रमुख. मजकूर थोडक्यात असा: आमच्या धबधब्याजवळच्या उतारावर तीन वर्षांपूर्वी एकशे तीस झाडं होती. आता एकोणीस राहिली आहेत. गेलेली शहरात उघड विकली जातात, आणि प्रत्येकाला तुमच्या पेटीचं प्रमाणपत्र आहे. विकणारे म्हणतात, आजोबांच्या वेळची झाडं आहेत, चाळीस वर्षांची. सोबत आमच्या उतारावरच्या फुलाचा फोटो जोडत आहे. हे ठिपके दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. नोव्हेंबरात फुलं आली की झाडं गवतातून ओळखू येतील आणि ही एकोणीसही जातील. त्याआधी काहीतरी करा.

मी फोटो उघडला. हिरवी पाकळी, पांढरा काठ, मध्यावर एकाखाली एक तीन ठिपके. पहिल्यांदा मला आईच आठवली. शास्त्रज्ञाला जे सुचायला हवं ते त्यानंतर सुचलं.

चोरांनी आमची पेटी फोडली नव्हती की तिला लाच दिली नव्हती. त्यांनी फक्त अर्जात वय वाढवून लिहिलं. परवा उपटलेल्या झाडाचं वय तीस लिहायचं, पेटीने चौऱ्याहत्तरमधून पंचेचाळीस वजा करायचे, उरले एकोणतीस, की झाड बाटलीतलं. माझा नियम त्यांच्या कामाला आला होता. आणि नियम चुकला होता कारण हौसा बाटलीत जन्मली नव्हती. वयाने टोप्या चढतच नाहीत. पेटीने पहिल्या दिवशीच खरं सांगितलं होतं आणि मी तिला खोटं बोलायला शिकवलं.

इक्बालने पत्र वाचलं, फोटो बघितला. त्याने माझ्या घरची हौसा पाहिलेली होती.

"वजावट आजच काढून टाकू," तो म्हणाला.

"गुपचूप काढली तर?"

"वजावटीवर दिलेली दोनशे चौदा प्रमाणपत्रं रद्द करायची तर कारण लिहावं लागेल. चाळिसावा नमुना डोंगरावरचा होता, हेच कारण आहे."

म्हणजे तात्यांनी झाड चोरून आणलं आणि रजिस्टरात खोटं लिहिलं, हे मला माझ्या सहीने लिहायचं होतं. तात्या तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. गावात, पलटणीच्या जुन्या सोबत्यांत, ऑर्किडवाल्यांत त्यांच्या शब्दाला किंमत होती. नर्सरीच्या दारावर आईच्या नावाची पाटी होती. आणि बावीस ऑक्टोबरला आईचं वर्षश्राद्ध होतं.

"वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे," मी म्हटलं. "महिन्याचा तर प्रश्न आहे. फुलं नोव्हेंबरात येतात."

इक्बालने पत्राची घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. खोंग्सितबाईंना मी उत्तर पाठवलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' हे वाक्य मी कोणाकडून शिकले कोण जाणे. त्या पाच आठवड्यांत मी रोज ऑफिसला गेले, डबा खाल्ला, बैठकांना बसले आणि तात्यांना वाचवत असल्याचं समाधानही मनातल्या मनात भोगलं.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे त्याच दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या शेडमध्ये झारी भरत होते. मी आठवडाभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी नुसता फोन त्यांच्या पुढ्यात धरला.

तात्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. फोटो मोठा करून बघितला.

"धबधब्याच्या डाव्या अंगाला," ते म्हणाले. "वर जायला दगडाच्या पायऱ्या हायत."

ते नाकारतील, चिडतील, निदान गप्प तरी बसतील, अशी मी तयारी केली होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"चौऱ्याण्णव साल. लगीन होऊन सात म्हैनं झालं हुतं, त्यातलं सहा मी तिकडं, पलटणीसंगं चौकीवर. गस्तीला गेलो आन् बघतो तर ह्या. शंभराच्या वर. समद्या हनुवटीला गोंदल्यावानी. मला काय ऱ्हावलं न्हाई बघ. एकच घेतली. कडंची. दाटीतली उपटली असती तर बाकीच्यांची मुळं दुखावली असती."

"आणि कुकर?"

"कुकर खोटा न्हाई. हिचंच बी पेरलं त्यात. ती पोरं समदी बाटलीतलीच. पर रजिस्टरात घालायला गेलो तवा मंडळाचे सायब म्हनले, आई कुठली? खरं सांगावं तर झाड जप्त. तर तुझी आई म्हनली, आईबी बाटलीतलीच म्हना." तात्यांनी झारी खाली ठेवली. "तिचं नाव हुतं न्हवं झाडाला."

"आईला माहीत होतं?"

"तिलाच तर दावायला आनलं."

मला संताप आला. इतक्या वर्षांचा निबंध, बक्षीस, मुलाखती सगळं डोळ्यांपुढून गेलं. "मी पान न्यायला आले तेव्हा का नाही सांगितलंत? तेव्हा एक शब्द बोलला असतात तर हे काही झालंच नसतं!"

"चुकलं," तात्या म्हणाले. "पर तू इचारलंस कुठं? तू पान मागितलंस."

मग मी त्यांना बाकीचं सांगितलं. वजावट, वाढवलेली वयं, प्रमाणपत्रं, एकशे तीसची एकोणीस कशी झाली ते. ते खाली बघून ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पत्र कधी आलं?"

"सतरा सप्टेंबरला."

तात्यांनी शेडच्या खांबावरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आन् आज तेवीस ऑक्टोबर."

"आईचं वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे म्हटलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्याच दिवशी इचारायचं हुतंस गं," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

मी तिथेच उकिडवी बसून रडले. तात्यांनी मला रडू दिलं, आणि मग घरात जाऊन कागद घेऊन आले. तारीख, चौकीचं नाव, गस्तीचा मार्ग, पायऱ्यांपासूनची पावलं, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. खाली त्यांनी आपला पलटणीतला नंबर आणि हुद्दा घालून सही केली.

कागद गेला. कचेऱ्या आपल्या चालीने चालल्या. फायलीला पाय फुटेपर्यंत नोव्हेंबर उजाडला, आणि त्या वर्षी फुलं आठवडाभर आधी आली. वजावट वीस नोव्हेंबरला बंद झाली. त्याच्या आठ दिवस आधी खोंग्सितबाईंचा एका ओळीचा निरोप आला होता, 'आज उतारावर शून्य.' प्रमाणपत्रं रद्द झाली, पण झाडं तोवर कुठल्या कुठे पोचली होती. बहुतेक समुद्रापलीकडे. परत मिळालं एकही नाही. पाच आठवडे आधी कागद गेला असता तर ती एकोणीस वाचली असती की नाही हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. मला मात्र वाचली असती असंच वाटतं.

पेटीचं काम माझ्याकडून काढून इक्बालकडे दिलं, ते योग्यच झालं. त्याने पहिलं काम केलं ते चाळिसावा नमुना पुन्हा तपासण्याचं. एकाहत्तर. तात्यांचा नर्सरीचा परवाना रद्द झाला. वय आणि आपणहून दिलेला जबाब बघून पुढची कारवाई झाली नाही. हुकूम एवढाच निघाला की हौसा आणि तिचे सगळे तुकडे मूळ जागी परत लावावेत.

ते अकरा फोन तात्यांनी स्वतः केले. सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावून, खुर्चीत ताठ बसून. "भिलारे बोलतोय. मी दिलेला तुकडा चोरीचा हाय. डोंगराला परत द्यायचाय. बांधायचा कसा ते सांगतो, लिवून घ्या." कोणी हळहळलं, कोणी हसलं. तीस वर्षांपासूनच्या एका मित्राने मधेच फोन ठेवून दिला. चार दिवसांनी त्याचीही कुंडी आली, शेवाळात नीट गुंडाळलेली, सोबत चिठ्ठी नव्हती. दारावरची पाटी तात्यांनी उतरवली आणि पुसून माळ्यावर ठेवली.

मार्चमध्ये मी बारा कुंड्या घेऊन गेले. तात्यांच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या. खोंग्सितबाई पन्नाशीच्या, तोंडात सुपारी, पाठीला वेताची टोपली. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि त्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

उतारावर वाटीएवढे खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याशेजारी बांबूची खुंटी, तिच्यावर नंबर. बाईंनी टोपलीतून एक वही काढली. तिच्यात एकशे तीस झाडांची फुलं पेन्सिलीने काढलेली होती, एकेका पानावर एकेक. तीन ठिपकेवाली बरीच. काही दोन ठिपक्यांची, काही चार. सत्तावन्न नंबरवर पाच होते आणि पाचवा रांग सोडून जरा तिरका गेलेला. ऐंशीवर ठिपका नव्हताच, नुसती एक तपकिरी रेघ. मी पानं उलटत गेले. एका उतारावरचं एक घराणं, पण एकासारखं दुसरं नाही. हौसाच्या बाटलीतल्या पोरांतही दोन आणि चार ठिपक्यांची यायची, ती तात्या निवडून खताच्या खड्ड्यात टाकायचे, कारण गिऱ्हाइकाला तीनच हवे असत. नर्सरीची रीतच तशी असते. लहानपणी ती वेचून टाकायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मोठ्या आवडीने करायची.

मातीचा नमुना मी आधी मागवून तपासला होता. बुरशी जिवंत होती. दाई अजून उतारावरच होती, भरवायला कोणी नव्हतं इतकंच.

आम्ही दुपारपर्यंत लावणी केली. तात्यांनी सांगितलेली पावलं पायऱ्यांपासून मोजत गेले तर कडेची ती जागाही सापडली. तिथे नेचे वाढले होते, खड्डा कधीच बुजलेला. तात्यांच्या कुंडीतली हौसा मी तिथे लावली. लावताना मनात सरळ हिशेब आला. तात्यांनी एक नेलं होतं. बाकीची माझ्या नियमाने गेली. तात्यांनी ते निदान बायकोला दाखवायला नेलं होतं.

तेवढ्यात तात्यांचा फोन आला. त्यांच्या मागे शेडमधली चिमण्यांची कलकल ऐकू येत होती.

"लावली का?"

"लावली."

"किती हायत आता तिथं?"

कुंड्या बारा होत्या. बारा म्हणाले असते तर तात्यांना बरं वाटलं असतं, आणि मोजणीत ते खोटंही नव्हतं. पण बारा तुकडे म्हणजे बारा झाडं नव्हेत. एकाच झाडाचे ते भाग, बाराही फुलांवर तेच तीन ठिपके येणार. वहीतलं सत्तावन्न किंवा ऐंशी त्यांतून कधी उभं राहणार नव्हतं. तात्यांनी हे झाड पन्नास वर्षं सांभाळलं होतं, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि मी या वेळी विचारलेल्याचंच उत्तर द्यायचं ठरवलं.

"एक, तात्या."

चिमण्या ऐकू येत होत्या. खोंग्सितबाई हात धुवायला झऱ्याकडे निघाल्या होत्या.

"कंचं?" तात्यांनी विचारलं.

"कडेचं."

"मग दाटी व्हायला लई वरसं लागतील," तात्या म्हणाले.